नामाच्या छबीतलं सोनं

सोनं कशानेच विरघळत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खोटी आहे. ठाण्याच्या तलावाजवळ काचेच्या छपराची एक माडी भाड्याने घेऊन मी उमेदीची सगळी वर्षं छबी काढण्याचा धंदा केला, आणि त्या वर्षांत मी सोनं साखरेसारखं विरघळवत आलो. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, त्या सांगतो. पण ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली ती गमतीची नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचणाऱ्याने मागाहून मला बोल लावू नये.

मी मिठागरावरच्या माणसाचा मुलगा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता, आणि मी बी.ए. झालो. हे मी मिरवतो असं लोक म्हणतात. मिरवतोच. बापाने गुडघाभर चिखलात उभं राहून पोराला शिकवलं, ते काय लपवून ठेवायला? पण पदवी घेऊन कचेरीत चिकटायचं सोडून मी कॅमेरा घेतला, तेव्हा आमचा एक चुलता भर ओटीवर म्हणाला, "बी.ए. झालास नि लोकांची थोबाडं काढतोस? त्यापेक्षा मामलेदाराचा पट्टेवाला झाला असतास, तर डोक्याला पागोटं तरी मिळालं असतं."

त्याला कसं सांगायचं, की कॉलेजातल्या रसायनाच्या खोलीत पहिल्यांदा बाटलीतला रंग पालटताना पाहिला, तेव्हाच मी कचेरीच्या कामातून गेलो होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, छबी काढणं म्हणजे काळ्या फडक्यात डोकं घालणं. ते तर चुटकीचं काम. खरं काम पुढे. आधी काचेवर उलटी छबी उमटते. गोरा माणूस काळा, काळा गोरा. मग ती काच चांदीच्या क्षारात भिजवलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायची. जिथे ऊन पोचेल तिथे कागद काळवंडतो आणि छबी सुलट होते. या कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप असतो. ते मी गिऱ्हाइकापुढे बोलत नसे. एकदा बोललो, तर एका शास्त्रीबुवांनी स्वतःचीच छबी चिमटीत धरून माझ्या टेबलावर परत ठेवली आणि घरी जाऊन अंघोळ केली.

उन्हातून निघालेली छबी विटकरी रंगाची असते. ती तशीच हायपोच्या पाण्यात बुडवून पक्की केली, तर गिऱ्हाईक खुशीत घरी जातं आणि थोड्याच पावसाळ्यांत छबी हळदीच्या डागासारखी पिवळी पडून निघून जाते. जत्रांतून फिरणारे छबीवाले हेच करत. छबी टिकवायची तर हायपोच्या आधी तिला सोन्याच्या पाण्यात घालावं लागतं. कागदावरची चांदी थोडी सुटते आणि तिच्या जागी सोनं बसतं. डोळ्याला सोनं दिसत नाही. रंग तेवढा गहिरा होतो.

हे पाणी म्हणजे गोल्ड क्लोराइड. शोऱ्याचं तेजाब एक भाग, मिठाचं तेजाब तीन भाग. एकटं एकटं कुठलंच तेजाब सोन्याच्या केसाला धक्का लावत नाही. दोन्ही एकत्र झाली की सोनं बुडबुडे सोडत वितळायला लागतं आणि वर तांबूस धूर येतो; तो छातीत गेला तर खोकून जीव नकोसा होतो. मग ते द्रावण गरम वाळूवर हळूहळू आटवायचं. घाई करून कोरडं ठणठणीत केलं तर सोनं उलटतं, पुन्हा भुकटी होऊन बसतं. वेळेत उतरवलं तर निवताना नारिंगी, सुईसारखे खडे धरतात. फार हावरा पदार्थ. हवेतलं पाणी ओढून घेतो. ठाण्याच्या पावसाळ्यात बूच जरा सैल राहिलं, की दुसऱ्या दिवशी बाटलीत खडे नाहीत, नुसतं पिवळं पाणी. आणि कातडीला लागला की उजेडात जांभळा डाग पडतो, तो साबणाने जात नाही. माझी बोटं कायमची तशी. मुलगी दाखवायच्या बैठकीत माझ्या भावी सासऱ्याने माझे हात पाहून माझ्या बापाला बाजूला घेतलं आणि विचारलं होतं, "मुलाला काही अंगावरचा रोग तर नाही ना?"

एक बैरागी तर मला रसायनसिद्धी झाली आहे असं समजून रोज जिन्यात येऊन बसायचा. "तुम्ही सोन्याचं पाणी करता. मला उलटं शिकवा." उलटंही येत होतं मला. पण आधी सोनं घालावं लागतं, हे ऐकल्यावर तो जो गेला तो परत आला नाही.

आता नामाची गोष्ट.

होळी नुकतीच झाली होती. कल्याणपलीकडच्या मोहने गावचा एक म्हातारा आणि त्याची सून माझा जिना चढून आली. म्हाताऱ्याचं नाव धर्माबाबा, सुनेचं भागी. भागीचा नवरा घरीच राहिला होता. त्याला ते बघवत नव्हतं. काय बघवत नव्हतं ते भागीने पदराखालून काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

कागदाचा एक तुकडा, पिवळा. कल्याणच्या जत्रेत काढलेली छबी. निरखून पाहिलं तर दोन डोळे दिसत होते, ओठांची रेघ आणि एका हाताची मूठ. बाकीचं पोर कागदात जिरून गेलं होतं.

"नातू माझा. नामा," धर्माबाबा म्हणाला. "चार वर्सांचा व्हता. पटकीत गेला. दुसरी छबी नाय."

भागी माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. "ऱ्हाईल का ही, दादा? रोज उगरून बगते. रोज थोरी जाते."

"रोज उघडू नकोस, असा मी सांगतो तिला," म्हातारा म्हणाला. मग त्याने कनवटीची पुरचुंडी सोडली. काळ्या दोऱ्यात ओवलेले सोन्याचे मणी. "सोना घातला का छबी जात नाय, असा कल्यानात आयकला. ह्ये त्याच्याच गल्यातलं हायेत. घाला, सायेब."

मी त्यांना खरं ते सांगितलं. या छबीवर आता सोनं चढत नाही, ती वेळ गेली. पण हिच्यावरून दुसरी छबी घेता येईल. आमच्या काचेचा एक गुण आहे: पिवळा रंग तिला काळ्यासारखा दिसतो. आपल्या डोळ्याला जे फिकट झालंय, ते काचेला अजून दिसत असतं.

मी छबी भिंतीला टाचली आणि तिची छबी काचेवर घेतली. काच धुऊन, तिच्यावरून कागद उन्हात धरला, आणि दोघांना बोलावलं. विटकरी रंगात हळूहळू नामा वर आला. डोक्यावर जरीची टोपी, बाजूला कागदी फुलांची कुंडी, गळ्यात तेच मणी. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"बत्तासा," भागी म्हणाली. "सोरत नव्हता. छबीवाला सांगतो, ठेव खाली, तर रडाला लागला." ती हसली. जिना चढून आल्यापासून पहिल्यांदा. म्हातारा म्हणाला, "हा बग, कसा बगतो, चोर!"

इतका वेळ सगळं ठीक होतं.

आपल्याकडे सोनाराकडे दागिना करायला दिला की घरचं एक माणूस त्याच्या पुढ्यात बसून राहतं. सोनार नात्यातला असला तरी बसतं. सोनं नजरेआड करायचं नाही. धर्माबाबाने तोच रिवाज माझ्याकडे चालवला. ठाण्यात सोयऱ्याकडे उतरून तो आणि भागी सकाळी माझ्याकडे येत, आणि मी मण्यांचं जे जे करीन ते समोर बसून बघत.

मी अंगणात काचेच्या भांड्यातल्या तेजाबात मणी टाकले. म्हातारा नाकाला उपरणं लावून म्हणाला, "कसला पानी ह्यो?"

"शोऱ्याचं तेजाब आणि मिठाचं."

"मिठाचा? आपून खातो त्या?"

"त्याच. माझा बाप मिठागरावर होता, बाबा."

धर्माबाबाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग मगासधरना सायेब सायेब करून माझी जीब कशाला झिजवलीस रं? आधी नाय सांगाचा, पोरा?"

सोनाराच्या सोन्यात तांबं असतं, चांदी असते. चांदीचा पांढरा साका तळाशी बसला, तांब्याने पाण्याला हिरवट झाक आली. तांबं राहिलं तर छबीचा रंग नासतो. म्हणून मी गाळलेल्या पाण्यात हिराकस घातला, आणि त्या पाण्यातून निव्वळ सोनं खाली बसलं. पण असं बसलेलं सोनं पिवळं नसतं. ते तपकिरी गाळासारखं दिसतं.

"माती केलीस!" म्हातारा उठून उभा राहिला.

"बाबा, हेच सोनं. फक्त चकाकी नाही."

त्याला पटेना. मी त्यातलं चिमूटभर अडकित्त्याच्या पाठीने घासून दाखवलं, पिवळी रेघ चमकली, तेव्हा तो खाली बसला. भागीने नुसतं विचारलं, "त्याला लागत नसंल ना?" मी गाळ स्वच्छ पाण्याने धुवायला घेतला.

सोनं पुन्हा तेजाबात गेलं, आटलं, खडे धरले. आता मी ज्या गोष्टीला भीत होतो ती निघाली. एका छबीला लागणारं सोनं तांदळाच्या कणीइतकंही नसतं. त्या मण्यांत अख्ख्या गावाच्या छब्या झाल्या असत्या.

"उरलेलं सोनं मी परत पाडून देतो," मी म्हणालो. "त्याचा एक मणी होईल."

"नको," धर्माबाबा म्हणाला. "गेलेल्या पोराचा सोना रडत घरातना निंगाला. तो परत घरात येत नाय. आमच्यात घेत नाय."

"मग माझ्याकडे—"

"तुजकडं कशाला? दुसऱ्याच्या थोबाराला लावशील. सगला त्याच्यात घाल."

"सगळं बसत नाही, बाबा. कागद घेईल तेवढंच घेतो. हवं तर आणखी छब्या करू. एक घरी, एक मामाकडे—"

भागी म्हणाली, "दादा, पोर येकच व्हता माझा."

सगळे खडे पाण्यात घालीन, असा शब्द मी दिला. पाणी जास्त कडक होईल, पण छबी वेळेत काढली की झालं, असा माझा हिशेब होता. टाकणखार घालून पाण्याचं तेजाब मारलं. पडदे ओढले. चिनी मातीच्या थाळीत पिवळसर पाणी ओतलं आणि नामाला त्यात सोडलं.

रंग पालटायला लागला. विटकरी, मग काथासारखा, मग पिकू घातलेल्या जांभळासारखा. इथेच काढायची असते. पुढे हायपोत थोडा तांबूसपणा परत येतो आणि कातडी जिवंत दिसते. हा क्षण पुस्तकात वाचून कळत नाही, हाताला कळतो. पाणी कडक असल्याने तो फार लवकर आला. मी चिमटा पुढे केला.

"काढतो आता."

"ऱ्हाव द्या, दादा," भागी म्हणाली. थाळीच्या काठाला तिने हात लावला होता. "पिऊ द्या त्याला."

"बाय, जास्त झालं तर रंग बिघडेल."

"जरासा. पोटभर पिऊ द्या."

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. तसाच उभा राहून बोलायला लागला, आणि इतका हळू, की मला त्याच्याजवळ जावं लागलं.

"पटकीवाल्याला पानी देव नये, असा वैदानी सांगलेला. पोऱ्या दिवसभर पानी पानी करत व्हता. ही द्याला गेली, तर मी तिचे हातचा तांब्या घेतला नि भायेर ओटीवर ठेवला. मी ठेवला. त्याला तो दिसत व्हता दारातना. हात करत व्हता. मना वाटला, वाचवतो त्याला."

त्या वेळी असंच करत. एकट्या त्याच्या गावी नव्हे, सगळीकडे. काही डॉक्टर याच्या उलट म्हणायला लागले होते, पटकीत माणूस पाण्यावाचूनच मरतो असं त्यांचं म्हणणं होतं. ते मी वाचलेलं होतं. धर्माबाबाला मी ते सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाने काही गोष्टी गिळायला शिकावं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि थाळीचं भान मला राहिलं नाही.

मागून भागीचा आवाज आला. "मामंजी. निला परला."

मी वळलो. सोनं आपलं काम करत राहिलं होतं. जांभळी छटा केव्हाच ओलांडून छबी निळसर राखाडी झाली होती, पावसाळ्यातल्या पाटीच्या दगडासारखी. मी चटकन उचलून हायपोत घातली, पण इतक्या पुढे गेलेली छबी मागे येत नाही. टोपी, फुलं, मूठ, सगळं जिथल्या तिथे स्वच्छ होतं. फक्त पोर निळं होतं.

"असाच परला व्हता," भागी म्हणाली. "ओठ नि नखा. आंदी नखा." ती रडली नाही. पदर डोक्यावर घेऊन जिना उतरून गेली. म्हातारा तिच्या मागे.

मी त्याच काचेवरून दुसरी छबी उन्हात धरली आणि नामाच्याच सोन्याच्या उरलेल्या पाण्यातून काढली. या खेपेला वेळेच्या जरा आधीच काढली, हात घाबरला होता. छान झाली. गालांवर ऊब आली. चार वर्षांचं, बत्तासा न सोडणारं पोर.

दुसऱ्या दिवशी धर्माबाबा एकटाच आला. ही छबी त्याने दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली. मग म्हणाला, "ती कुठं हाय?"

"ती कशाला, बाबा? ती मी—"

"ती पन दे. इथं येकटी ऱ्हायाची नाय ती. आनि पानी दे."

मी त्याला सोन्याच्या पाण्याची बाटली दिली आणि त्याच्याबरोबर खाडीपर्यंत चालत गेलो. भरती लागली होती. गुडघाभर पाण्यात उतरून त्याने बाटली उपडी केली. पिवळं पाणी दोन हातांवर दिसलं, मग दिसलं नाही. माझ्या धंद्यात धुवणाच्या पाण्याचा थेंबही आम्ही वाया घालवत नसू. सगळं साठवून त्यातून सोनं परत काढत असू. त्या दिवशी मी काठावर टोपी काढून उभा होतो.

पुढे बरीच वर्षं गेली. प्लेग येऊन गेला. नामाची काच माझ्याकडे जपून ठेवलेली होती, ती एका पावसाळ्यात छप्पर गळून बुरशीने खाल्ली. काचेवर नुसती मेणचट साल उरली. शहाडजवळ एका लग्नाच्या छब्या काढायला मी गेलो, तेव्हा पाय मोहन्याच्या वाटेला वळले. धर्माबाबा नव्हता. भागी होती. केस पांढरे, अंगणात दोन मुली भात पाखडत होत्या, तिच्याच, नामाच्या पाठच्या. तिने मला ओळखलं. हात बघून ओळखलं, असं म्हणाली.

भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी, निळी छबी होती.

खरं सांगायचं, तर पहिल्या क्षणी मला धंद्याचा अभिमानच वाटला. इतकी वर्षं, ती ओल, तो चुलीचा धूर, आणि रेघ हलली नव्हती. नखाएवढीही कुठे पिवळी नव्हती. सोन्याने भरभरून भरलेली छबी अशीच टिकते.

"आणि दुसरी?" मी विचारलं.

"ती गेली, दादा. थोरे पावसाले ऱ्हायली. मंग पयल्यासारखी व्हाया लागली, पिवली. मी नाय उगरली रोज. तरी गेली." तिने पेटीतून ती काढून दाखवली. तिच्यात आता डोळेही नव्हते.

तिला मी समजावायला लागलो, की बेताचं सोनं घेतलेली छबी दिसायला गोड पण टिकायला कमी, आणि ओल... बोलता बोलता थांबलो. ती ऐकत नव्हती. निळ्या छबीसमोर उभी राहून तिने विचारलं,

"दादा, रोज ह्योच बगून बगून मना आता तो असाच आठवतो. मुली इचारतात, भाऊ आमचा कसा दिसायचा, तर मी सांगते नि माझाच मना खरा वाटत नाय. मामंजी गेले. ह्यांना इचारला तर उठून जातात. तुमी त्याला काचेतना वर येताना बगलात. तुमी सांगा, माझा नामा गोरा व्हता का सावला?"

मी कागदावरच्या चांदीचं सांगू शकलो असतो, सोन्याचं सांगू शकलो असतो. विटकरी, काथ, जांभूळ, निळं, सगळे रंग क्रमाने सांगू शकलो असतो. पण नामाला मी कधी पाहिलंच नव्हतं.